कन्जेनिटल म्हणजे खानदानी नव्हे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सूत्रसंचालकांनी मला सांगितलंय की, "डॉक्टर, आरोग्यावर दोन शब्द बोला." मी एकाच शब्दावर बोलणार आहे, आणि तोही इंग्रजी. सर समोर बसलेत म्हणून धाकधूक आहे. उच्चार चुकला तर इथेच उभं करतील.

सकाळपासून सगळे येताय. कुणी नांदेडकडून, कुणी हदगावकडून, कुणी बाळापूरकडून. आणि फाट्यावर उतरल्यावर शाळेच्या आधी खिचडीच्या हॉटेलात कोण कोण गेलं तेही मला माहीत आहे. आपण शाळेत होतो तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. इंग्रजी आपल्याला पाचवीपासून. त्यामुळे आपल्या इंग्रजीत काही वैगुण्यं राहिली, ती कन्जेनिटल नाहीत. शाळेत आल्यावरच लागली.

तर शब्द हा, कन्जेनिटल. आपल्यातल्या एका मित्रानं नोकरीच्या पहिल्या अर्जात लिहिलं होतं की तुमच्या संस्थेत कन्जेनिटल वातावरण आहे असं ऐकून अर्ज करतोय. त्याला म्हणायचं होतं कन्जीनियल, म्हणजे जुळणारं, मन रमेल असं. एका 'टी'नं घात केला. नाव सांगत नाही, तिसऱ्या रांगेत बसून तो स्वतःच हसतोय. नोकरी मात्र त्याला मिळाली. वाचणाऱ्यालाही फरक ठाऊक नसावा!

ही चूक हसण्यावारी गेली. दुसरी गेली नाही, आणि ती माझ्या हातची आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, मी आयुर्वेदाची डॉक्टर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झाला. त्याच्या पथकात मी पुढच्या वर्षी लागले. गाडी घेऊन अंगणवाड्या आणि शाळांतून फिरायचं, पोरं तपासायची. एका वस्तीवरच्या अंगणवाडीत चार वर्षांची एक मुलगी होती. छातीला नळी लावली तर ठोक्याबरोबर फुसफुस ऐकू आली. मोठ्या दवाखान्यात पाठवली. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र निघालं. मी तिच्या कार्डावर इंग्रजीत लिहिलं, 'कन्जेनिटल हार्ट डिसीज', आणि कार्ड आईच्या हातात दिलं. बाहेर साठ पोरं ओळीत उभी होती. समजावून सांगितलं नाही.

घरी मुलीचा चुलता बारावी शिकलेला. त्यानं कार्ड वाचून सांगितलं, "कन्जेनिटल म्हणजे पिढीजात. आपल्या खानदानात हे कुणाला नाही. म्हणजे वहिनीच्या माहेरातून आलंय." महिन्याभरानं मी पाठपुराव्याला गेले, तर मायलेकी घरात नव्हत्या. माहेरी धाडल्या होत्या. ऑपरेशनच्या तपासणीची तारीख उलटून गेली होती.

चुलत्याचा राग मला आला नाही. आपण सगळेच हा शब्द असा वापरतो. 'कन्जेनिटल आहे हो' म्हणताना मनात असतं 'त्यांच्याकडे चालतच आलंय'. पण शब्दात ते नाही. लॅटिनमध्ये 'कॉन' म्हणजे सह आणि 'जेनिटस' म्हणजे जन्मलेला. म्हणजे आपला संस्कृत 'सहज' हा शब्द! सह-ज, सोबत जन्मलेला. मराठीत त्याचा अर्थ सोपा असा झाला, आयुर्वेदात मात्र तो अजून जुन्याच अर्थानं येतो. कन्जेनिटल हा शब्द एवढंच सांगतो की दोष जन्मतः होता. कुणाकडून आला, कशानं आला, याबद्दल तो गप्प आहे. वंशातून येणाऱ्याला इंग्रजीत शब्द वेगळा, हेरेडिटरी. आपण त्याला आनुवंशिक म्हणतो.

दोन्ही एकत्र असू शकतात, पण असतीलच असं नाही. सिकलसेल घ्या. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात तो बराच आहे. तो आईबापांकडूनच येतो, पण बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं, त्रास सुरू होतो काही महिन्यांनी. उलट बाजू रुबेलाची. १९४१ साली सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या कितीतरी बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला हा ताप येऊन गेला होता. दोष जन्मजात, वंशाचा काही संबंध नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या राज्यात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली, ती यासाठीच. तेव्हा किती जणांनी पोरं घरी ठेवली होती, हात वर करायला लावत नाही.

हा भेद आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतानं सूत्रस्थानाच्या २४ व्या अध्यायात व्याधींचे सात प्रकार केले. त्यात पहिला आदिबलप्रवृत्त, म्हणजे आईबापांच्या बीजातून आलेला. दुसरा जन्मबलप्रवृत्त, म्हणजे गर्भात घडलेला. जन्मांध, बहिरा, मुका, पांगळा ही त्याची उदाहरणं. वाचताना अभिमान वाटतो, आणि पुढच्याच शब्दाला ठेच लागते. कारण दुसऱ्या प्रकाराचं कारण दिलंय आईचा अपचार, म्हणजे तिचं चुकीचं वागणं-खाणं. १९९५ च्या दिवाळीतलं ग्रहण आठवतंय ना? गल्लीतल्या पोटुशी बायका अंधारात बसवल्या होत्या, विळीला हात लावू दिला नव्हता. ओठ फाटलेलं लेकरू झालं की अजूनही विचारतात, "ग्रहणात काय चिरलं होतंस?"

इंग्रज-अमेरिकन लोकही हा शब्द सैल सोडतात. १९९६ मध्ये विल्यम सफायर या नामांकित भाषा-स्तंभकारानं हिलरी क्लिंटनना 'कन्जेनिटल लायर' म्हटलं आणि मोठा गदारोळ झाला. जन्मताच खोटं बोलायला बाळाला बोलता तरी यावं लागेल! पण शब्दकोशात 'मुरलेला' हाही अर्थ आहे, त्यामुळे गप्पांत चालतो. दवाखान्याच्या कागदावर नाही.

तर मी त्या घरी गेले आणि आजीजवळ बसले. म्हटलं, "आजी, ज्वारीचं बी चांगलं होतं. दाणा भरताना पाऊस लागला आणि ज्वारी काळी पडली. यात बियाण्याचा दोष आहे का?"

आजी म्हणाली, "नाही. पण मग पाऊस म्हणजे तिची मायच की."

मला घाम फुटला. माझाच दाखला माझ्यावर उलटला होता. मग दाखला सोडून सरळ सांगितलं, की लेकराचं हृदय पहिल्या दोन महिन्यांत तयार होतं. पुष्कळदा तेव्हा बाईला दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. शंभरातल्या जवळपास एका बाळाच्या हृदयात काही ना काही दोष असतो, आणि बहुतेक वेळा कारण आम्हा डॉक्टरांनाही सापडत नाही. आजीनं विचारलं, "तुम्हालाबी माहीत नाही?" मी म्हटलं, "नाही." ती बराच वेळ वाती वळत बसली. काहीच बोलली नाही. आठ दिवसांनी मुलाला सासरवाडीला धाडून सून-नात परत आणली.

ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं. ती पोरगी आता नववीत आहे आणि खो-खो खेळते.

तेव्हापासून कार्डावर इंग्रजी शब्द लिहिला की त्याच्याखाली मराठीत लिहिते, 'जन्मापासूनचं आहे. आईची चूक नाही.' कार्डावर त्याला रकाना नाही. समासात लिहिते.