आधी माणसं निवडा, मग मोजा



पत्रिकेत विषय छापलाय, ‘लहान व्यवसाय आणि सोशल मीडिया’. काहीजण वही-पेन घेऊनच बसलेत. फॉलोअर वाढवायच्या युक्त्या ऐकायच्या असणार. सांगतो, पण आधी तुम्हाला एका खेड्यात नेतो.

कुंभकोणमपासून आठेक किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुविसनल्लूर नावाचं गाव आहे. आपला त्याच्याशी जुना संबंध. व्यंकोजीराजांचे पुत्र, म्हणजे शिवछत्रपतींचे पुतणे शहाजीराजे १६८४ साली तंजावरच्या गादीवर आले. त्यांनी १६९३ च्या सुमारास हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून, म्हणजे इनाम दिलं. गावाला नाव पडलं शहाजीराजपुरम. रामभद्र दीक्षितांसारखे वैयाकरण तिथं राहिले, ग्रंथ लिहिले. आज आपण तीनशे वर्षांनी गावाचं नाव घेतो ते त्यांच्यामुळं. राजानं डोकी मोजली नाहीत, माणसं निवडली.

मी मात्र उलटं केलं होतं. आमच्या घरी थालीपिठाची भाजणी विकतो. एकदा एका विनोदी व्हिडिओवर पैसे टाकून जाहिरात केली. बघणारे हजारोंनी वाढले. घरात पेढे वाटले! महिनाभरात जास्तीची चार किलो भाजणीही गेली नाही. लोक हसायला आले होते, हसून गेले. त्यात दुखणं असं, की ही मंडळी पुढच्या पोस्टकडं ढुंकून बघत नाहीत. मग पोस्ट कुणाला दाखवायची ते ठरवणाऱ्या यंत्रालाही वाटतं, यात कुणाला रस नाही. आणि ज्याला खरंच भाजणी हवी आहे त्याच्यापर्यंतही ती पोस्ट पोचत नाही. विकत घेतलेल्या फॉलोअरांचं तर विचारूच नका. ती जत्रेतली गर्दी, तीसुद्धा पुठ्ठ्याची.

मग योग्य माणसं जमतात कशी? पहिली गोष्ट बोलीची. तिची वाट शहाजीराजांनीच दाखवून ठेवलीय. त्यांचं ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक आहे. त्यात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषा आहेत. समोर बसलेल्याच्या कानाला ओळखीचं काही लागलं पाहिजे, हे त्या दरबारानं जाणलं होतं. पुढं एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तनं तंजावरात रंगली. ती ऐकून कृष्ण भागवतरांनी साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली चाल उचलली आणि कथा मात्र तमिळ श्रोत्यांच्या भाषेत सांगितली. तमिळ मुलखात हरिकथा रुजली ती अशी. साचा बाहेरचा चालतो, बोली गिऱ्हाइकाचीच लागते.

दुसरी गोष्ट, दाखवायचं काय? तिरुविसनल्लूरशेजारीच तिरुभुवनम आहे, रेशमी साड्यांचं गाव. २०१९ साली तिथल्या साडीला भौगोलिक मानांकन मिळालं. तिची घडी विसिरीसारखी, म्हणजे हातपंख्यासारखी घालतात. आता सांगा, ‘उत्तम दर्जा, वाजवी भाव’ असं लिहिलेलं रंगीत चित्र टाकायचं, की ती घडी दोन हातांनी सावकाश उलगडताना दाखवायची? वीस सेकंद पुरेत. ज्याला साडी कळते तो थांबेल. ज्याला कळत नाही तो पुढं जाईल, आणि तो गेलेलाच बरा.

तिसरी गोष्ट नेमाची. तिरुविसनल्लूरातच श्रीधर अय्यावाळ राहत. त्यांची कथा गावात सगळ्यांना पाठ आहे. वडिलांच्या श्राद्धाचं अन्न त्यांनी दारी आलेल्या एका भुकेल्या अंत्यजाला वाढलं. ब्रह्मवृंद रागावला, म्हणाला, गंगेत न्हाऊन या. अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि घरच्या विहिरीतच गंगा उसळली, अशी श्रद्धा आहे. आजही कार्तिगै महिन्यातल्या अमावास्येला लोक त्या विहिरीच्या पाण्यानं न्हायला येतात. विहीर एक, दिवस एक, गोष्ट एक. आपण मात्र दिवाळीत रोज सात पोस्ट टाकतो आणि संक्रांतीपर्यंत गायब होतो.

शेवटची गोष्ट मालकीची. २०२० च्या जूनमध्ये आपल्याकडं टिकटॉक बंद झालं आणि लाखोंचे प्रेक्षक बाळगणारे एका रात्रीत रिकामे झाले. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेलं दुकान ते. म्हणून तिथं भेटलेलं गिऱ्हाईक आपल्या ओसरीवर आणा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, आणि ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवलाय त्यालाच तो निरोप पोचतो. मला ही अट फार आवडते. तुमचा नंबर नावानिशी साठवणारा माणूस म्हणजे खरा श्रोता. असे दोनशे असतील, तर घरगुती धंद्याला गर्दीची भूक राहत नाही.

अशा खऱ्या श्रोत्यांचा दाखला आपल्याकडंही आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती चालली ती दर वर्षी त्याच दिवसांत, आवडीनं येऊन बसणाऱ्या श्रोत्यांमुळं. तुम्हीही त्या श्रोत्यांचेच वारस.

तेव्हा आज घरी गेल्यावर फोन बाजूला ठेवा आणि वही उघडा. तुमच्याकडून दोनदा माल नेलेल्यांची नावं लिहा. ते कुठं राहतात, काय बोलतात, पुन्हा का आले, हे एकेकाला विचारा. पुढची पोस्ट त्यांच्यासाठी करा.