मनोगत कोणाचे?



जानेवारी सरत आला की आपल्याकडच्या शाळांतून दहावीच्या निरोपसमारंभाची गडबड सुरू होते. पेण घ्या, रोहा घ्या, की वाटेतले नागोठणे घ्या, कार्यक्रम जवळजवळ एकाच साच्याचा. चौरंगावर सरस्वतीची तसबीर, समई, पाहुण्यांना नारळ, मुख्याध्यापकांचे प्रास्ताविक आणि मग पत्रिकेतला तो छोटा मथळा, 'विद्यार्थी मनोगत'. दोन-तीन मिनिटांचे भाषण. दहा वर्षे इतरांचे ऐकत आलेले मूल त्या दिवशी पहिल्यांदा चारचौघांत स्वतःचे काही बोलते. त्या दोन-तीन मिनिटांत मुलाने देवाधर्माचे नाव घ्यावे की नाही, आणि घेतले तर शिक्षकाने काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

आपण म्हणाल, यात काय एवढे? पण जरा बघा. समारंभाच्या आठ दिवस आधी भाषण लिहून वर्गशिक्षकांना दाखवायचे, ही बहुतेक शाळांची रीत. शिक्षक शुद्धलेखन तपासतात, वाक्ये नीट करतात. 'श्रीगणेशाला वंदन करून' अशी सुरुवात असली तर ती सहसा खटकत नाही. डोळ्यांना तिची सवय असते. पण एखाद्याने 'अल्लाच्या मेहेरबानीने' असे लिहिले, दुसऱ्याने शेवटी 'जय भीम' लिहिले, किंवा आदिवासी वाडीवरून चालत येणाऱ्या मुलीने आपल्या वाडीच्या देवाचे नाव घेतले, तर तांबड्या शाईचा हात थबकतो. "बाळ, एवढे राहू दे. शाळेत धर्म नको हं!" असे म्हणणारा शिक्षक वाईट असतो असे नाही. त्याला वाद टाळायचा असतो. मूल मात्र त्यातून वेगळेच शिकते. शाळेत धर्म चालतो, फक्त आपला चालत नाही, असा धडा ते घेऊन जाते. दहा वर्षांच्या शिक्षणातला हा शेवटचा धडा ते लवकर विसरत नाही.

आपला मुलूख या बाबतीत गरीब नाही. पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती डोळ्यांसमोर येतात. पण याच पेणला आणि रोह्याजवळच्या अष्टमीला बेने इस्राएलांची प्रार्थनामंदिरेही आहेत. हे आपले मराठी बोलणारे यहुदी. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांवरून पडलेली. १९४८ नंतर त्यांच्यातले पुष्कळजण इस्राएलला गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मंडळींनी आपल्या धर्मग्रंथातल्या कथा मराठी कीर्तनातून सांगितल्या. श्रद्धा आपली, भाषा सर्वांची, हे त्यांना सहज जमले.

विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १८९५ साली तिथे त्यांचा जन्म झाला. गीतेवर प्रवचने देणाऱ्या याच विनोबांनी 'कुराणसार' आणि 'ख्रिस्तधर्मसार' हे ग्रंथ सिद्ध केले, धम्मपदाची नवी मांडणी केली. याच जिल्ह्यात महाडला १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. 'जय भीम' हा काही देवाचा धावा नव्हे; पण ज्या घरात तो रोजचा नमस्कार आहे, त्या घरचे मूल तो आपल्या निरोपात उच्चारणार, यात नवल ते काय?

आता कायदा काय सांगतो ते पाहू. संविधानाचा अठ्ठाविसावा अनुच्छेद म्हणतो की, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. आपली जिल्हा परिषदेची शाळा या सदरात येते. जी संस्था खाजगी आहे पण सरकारमान्य आहे किंवा अनुदान घेते, तिथेही कोणावर धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. १९४८ च्या डिसेंबरात संविधानसभेत यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी कारणे सांगितली होती. कराचा पैसा सर्वांचा, तो एका धर्माच्या शिकवणुकीवर खर्चू नये. धर्म अनेक, सर्वांची सोय करणे व्यवहारात अशक्य. आणि धर्माधर्मांचे दावे एकमेकांविरुद्ध गेले की शाळेची शांतता ढळते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा अनुच्छेद शाळेला बांधतो. मुलाचे तोंड तो बांधत नाही. मुलाला बोलण्याचे स्वातंत्र्य एकोणिसाव्या अनुच्छेदाने आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य पंचविसाव्याने दिले आहे. १९८५ साली केरळात तीन भावंडांना शाळेतून काढून टाकले होते. राष्ट्रगीत चालू असता ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेला पटत नाही म्हणून गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. आपल्याकडे नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायचे नाकारले, त्यापायी त्याची वेतनवाढ अडली; २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. गाण्याची सक्ती नाही, हात जोडण्याची सक्ती नाही. मग मनातले न बोलण्याची सक्ती कशी चालेल?

दुसरी बाजूही आहे, आणि ती तितकीच खरी आहे. अमेरिकेत रोड आयलंड राज्यातल्या एका सरकारी शाळेने १९८९ साली निरोपसमारंभात प्रार्थना म्हणायला एका यहुदी धर्मगुरूंना बोलावले. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी हरकत घेतली. गंमत अशी की ते कुटुंबही यहुदीच होते. धर्म कोणता हा प्रश्नच नव्हता. १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, शाळेने अशी प्रार्थना ठेवू नये. त्यातला एक विचार आपणही घ्यावा असा आहे. 'नको असेल तर येऊ नका' असे मुलाला सांगणे सोपे. पण स्वतःच्या निरोपाला कोण गैरहजर राहील?

गावचा उत्सव निराळा. रोह्याला दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस बंदुकांची सलामी देतात, गाव लोटते. ज्याला जायचे तो जातो, ज्याला नाही तो आपल्या ओटीवर बसतो. शाळेच्या सभागृहात ओटी नसते. तिथे मूल रांगेत बसलेले असते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, त्या व्यासपीठावर दोन आवाज असतात. एक शाळेचा, एक मुलाचा. शाळेचा आवाज सर्वांचा असावा. मुलाचा आवाज त्याचा असावा. या दोहोंची गल्लत झाली की तंटा उभा राहतो. निवेदक शाळेच्या वतीने बोलतो. त्याने सर्वांना एका देवापुढे हात जोडायला लावू नये. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन सुरू झाले आहे. सर्वांनी मिळून उभे राहून म्हणावे असे हे सर्वांचे वचन हाताशी आहेच. आणि ज्याने हात जोडले नाहीत त्याच्याकडे कोणी वळून पाहू नये.

मनोगताला मात्र दोनच कसोट्या लावाव्यात. पहिली, मूल 'मी' म्हणते आहे की 'तुम्ही'? "माझ्या आईने नवस केला होता", "रोजा असताना माझ्या मित्राने मला सांभाळून घेतले", हे त्याचे आयुष्य आहे. ते येऊ द्या. "आता सर्वांनी माझ्याबरोबर म्हणा", हे मनोगत राहिले नाही, तो हुकूम झाला. तसेच दुसऱ्याच्या श्रद्धेला कमी लेखणारे वाक्य कोणाचेही असले तरी काढायला सांगा, कारणही सांगा. दुसरी कसोटी शिक्षकाने स्वतःला लावायची. खोडण्यापूर्वी विचारावे, हेच वाक्य दुसऱ्या धर्माच्या मुलाने, दुसऱ्या देवाचे नाव घालून लिहिले असते, तर मी खोडले असते का? उत्तर 'नाही' असेल तर शाईची दौत बंद करावी.

कोणी म्हणेल, "एकाला मोकळीक दिली की सगळेच मागतील." मागू द्या की! सगळ्यांना सारखी मिळते हे दिसले म्हणजे मागण्यातला हट्टच जातो. कोणी म्हणेल, "मुलांना काय कळते? घरचेच लिहून देतात." तसे वाटले तर मुलाला जवळ बसवा, विचारा, "हे तुला वाटते का रे?" त्याला वाटत नसेल तर ते स्वतःच खोडील. आणि एखाद्या मुलीने देवाचे नावच घेतले नाही, एसटीच्या कंडक्टरचे आणि शाळेच्या शिपाईमामांचे आभार मानून ती खाली बसली, तर तिलाही तितक्याच टाळ्या पडाव्यात. ज्याची श्रद्धा देवावर नाही त्याचेही मनोगत असतेच. वक्ता निवडतानाही जरा पहा. दरवर्षी एकाच आळीची मुले बोलत असतील, तर कागद कितीही स्वच्छ तपासला तरी न्याय झाला असे होणार नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, येत्या समारंभाचे कागद लवकरच आपल्या टेबलावर येतील. ऱ्हस्वदीर्घ अवश्य सुधारा, लांबलेले वाक्य तोडा, पाहुण्यांचे नाव चुकले असेल तर दुरुस्त करा. तेवढे आपले काम. आणि पालकहो, आपल्या शेजारच्या मुलाच्या तोंडी निराळे नाव आले तर शांतपणे ऐका. पुढच्या पाच मिनिटांत आपलेही मूल उभे राहणार आहे.