मीठ, गोळी आणि नियम
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह आणि शिष्यवृत्त्या यांचा ऊहापोह दरवर्षी होतो. यंदा आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे ऋणी आहोत. विषय अफाट आणि वेळ थोडा. म्हणून आम्ही रक्तदाब हा एकच विकार निवडला आहे. आहार, औषध आणि आचार या तिन्हींचे धागे त्यात एकत्र गुंतलेले आहेत.

या विकाराचे कपट हे की तो बहुधा दुखत नाही. दाढ दुखू लागली तर माणूस मध्यरात्री वैद्याचे दार ठोठावतो. वाढलेला रक्तदाब मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने हृदय, मेंदू, मूत्रपिंडे व डोळे यांची हानी करीत राहतो. आणि पुष्कळदा पक्षाघाताचा झटका आल्यावरच घरच्यांना त्याची पहिली वार्ता लागते. सबब ‘मला काही होत नाही’ हे म्हणणे येथे ग्राह्य धरता येत नाही. यंत्राने घेतलेले माप तेवढे खरे. दवाखान्यात निरनिराळ्या दिवशी मोजून वरचा आकडा 140 किंवा खालचा 90, अथवा त्याहून अधिक भरला, तर विकार जडला असे सामान्यतः समजतात. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य करावी, पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा.

प्रथम आहाराचा विचार करू. पिंपळी, क्षार आणि लवण यांचे अतिसेवन करू नये, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. हे प्रमाण सुमारे एक लहान चमचा होते, आणि त्यातच भाजी, आमटी, लोणचे, पापड, पाव व फरसाण हे सर्व आले. आपल्या पंगतीत मिठाला पानाच्या डाव्या अंगास मानाचे स्थान आहे. ते तसेच राहू द्यावे. पण भातावर ते पुन्हा भुरभुरण्याची गरज नाही. सैंधव वापरल्याने हा प्रश्न सुटतो असा पुष्कळांचा समज आहे. परंतु सैंधव हेही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड होय. चीनमधील 600 खेड्यांतील सुमारे 21,000 लोकांवर केलेला एक मोठा प्रयोग 2021 साली प्रसिद्ध झाला. पूर्वी पक्षाघात झालेल्या किंवा वयस्क व रक्तदाब असलेल्या या लोकांपैकी अर्ध्या गावांत पाऊण भाग साधे मीठ व पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण दिले. तेथे पक्षाघाताचे प्रमाण सुमारे 14 टक्क्यांनी कमी आढळले. मूत्रपिंडांचा विकार असलेल्यांनी मात्र असे मीठ डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

आता औषध. या रोगाच्या उपचारांच्या इतिहासात मुंबईचे नाव आदराने घेतले जाते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा परिणाम रोग्यांवर पडताळून 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, आणि 1957 साली त्यांना लास्कर पुरस्काराचा सन्मान लाभला. आज वापरात बहुधा निराळी औषधे आहेत. परंतु मोजून मात्रा द्यावी आणि मोजून गुण पाहावा, हा त्या कार्याचा धडा कायम आहे. आपल्या घरोघरी काय घडते? महिनाभर गोळी घेतली, आकडा उतरला, की ‘आता बरे झालो’ म्हणून गोळी बंद! आकडा गोळीमुळे उतरलेला असतो, ती सोडताच तो बहुधा पुन्हा चढतो. कित्येक जण एकादशीस गोळीही वर्ज्य करतात. उपवास पाळण्यापूर्वी गोळीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

निरुपद्रवी वाटणाऱ्या वस्तूंचीही दखल घ्यावी. सांधेदुखीवर मनाने घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात. पाण्यात फसफसणाऱ्या अनेक चूर्णांत सोडियम असते. खोकल्यावर गुणकारी मानलेले ज्येष्ठमधही पुष्कळ दिवस भरपूर घेतल्यास दाब चढवते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातील सारी औषधे, काढे आणि चूर्णे सोबत न्यावीत.

आचाराविषयी थोडक्यात सांगतो. आठवड्याला निदान 150 मिनिटे झपझप चालावे. वजन आटोक्यात ठेवावे. तंबाखू, मग ती विडीतली असो वा मिश्रीतली, सोडावी. मद्यापासून दूर राहावे.

शेवटी एक विनंती. घरातील यजमानांची तपासणी होते, सासूबाईंचीही होते. ज्या गृहिणीच्या हाती साऱ्या कुटुंबाचे मीठ असते, तिचा दंड मात्र यंत्राला क्वचितच लागतो. पुढील संमेलनात प्रवेशद्वाराशी रक्तदाब मोजण्याची सोय मंडळाने करावी, आणि तेथे पहिला मान आपल्या भगिनींना द्यावा. पारितोषिके स्वीकारणाऱ्या मुलांचे कौतुक पाहण्यास त्यांचे मायबाप पुढेही अनेक वर्षे या मंडपात धडधाकट बसलेले असावेत, एवढीच आमची इच्छा.