मला पुस्तक आवडते ते का?
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाने यंदा पुस्तकांचे कपाट घेण्याचे ठरविले आहे. पुस्तकांची यादी शिकलेल्या भगिनींनी करावी आणि बाकीच्यांनी ती वाचावीत, अशी एक सूचना आली आहे. सूचना चांगल्या मनाने आली आहे, यात शंका नाही. पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, म्हणून त्या ‘बाकीच्यां’च्या वतीने मी चार शब्द बोलणार आहे.

वाचनाची गोडी मला पुडीच्या कागदाने लावली. वाण्याकडून डाळ-साखर आली की मी पुडीचा कागद सरळ करून वाचीत असे. गोष्टीचा शेवट बहुधा दुसऱ्याच कुणाच्या पुडीवर गेलेला असायचा! मग पुढे काय झाले असेल, ते भाकऱ्या थापता थापता माझे मीच जुळवायची. लग्न झाल्यावर दुपारी हातात पुस्तक दिसले की सासूबाई विचारायच्या, “कामं आवरली वाटतं सगळी?” मी उत्तर देत नसे आणि पुस्तकही खाली ठेवीत नसे.

एकदा त्या तांदूळ निवडीत होत्या, तेव्हा मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचू लागले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांचे हे आत्मचरित्र १९३४ सालापासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. माहेरचे कडक सोवळे, यजमानांचा तापट पण भोळा स्वभाव, घरात न टिकणारा पैसा, हे सगळे त्या हसत हसत सांगतात. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला, तेही त्या रडगाणे न करता सांगतात. सासूबाईंना अक्षर येत नव्हते. पण त्या पोट धरधरून हसल्या, आणि पुढे डोळेही पुसले. दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर त्याच म्हणाल्या, “त्या बाईचं पुढं काय झालं, वाच बघू.” त्या दिवसापासून आमच्या घरातले दुपारचे वाचन कुणाच्या डोळ्यांवर आले नाही.

मला वाटते, जे पुस्तक आपल्यापेक्षा उंच पाटावर बसत नाही, ते आपल्याला जिंकते. ‘स्त्रीने असे वागावे, तसे वागावे’ असे पानोपानी सांगणारी पुस्तकेही मी वाचली आहेत. ती वाईट नसतील, पण वाचून झाली की आठवत नाहीत. उलट जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी पाहा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात आणि शेतात काम करता करता त्या गाणी रचीत आणि घरची माणसे ती उतरून घेत. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी छापून आली. ती ऐकताना आपल्या हातातले कामच बोलू लागले आहे, असे वाटते.

पण केवळ आपल्यासारखे असते तेच आवडते, असेही नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे १९८६ सालचे पुस्तक. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. छोटे दुकान चालवीत, पुड्या बांधायचे कागद वाचीत आणि तिथेच बसून लिहीत. घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून लिहिलेले कितीतरी वर्षे लपवून ठेवीत. पुडीचा कागद म्हटल्यावर मला त्या माझ्या मैत्रीणच वाटल्या. पण महारवाड्यातले जे जिणे त्यांनी सांगितले, ते मी भोगलेले नाही. वाचताना पुष्कळ ठिकाणी जीव अवघडला. गावाने केलेला अन्याय तर त्या सांगतातच, पण आपल्याच वस्तीतल्या सासवांनी सुनांचा केलेला छळही झाकीत नाहीत. जी बाई घरच्यांचेही झाकीत नाही, तिच्या बाकीच्या शब्दावर विश्वास बसतो. पुस्तक मला खाली ठेववले नाही.

या तिघींपैकी एकीकडेही पदवी नव्हती. मग त्यांचे पुस्तक निवडायला तरी ती कशाला हवी? आमटीत मीठ बरोबर पडले की नाही, हे जिभेला कळते. तसेच सच्चे कोणते आणि सजविलेले कोणते, हे वाचणाऱ्या बाईला कळते. माझी आवड तुमची नसेल. कुणाला पोथी आवडेल, कुणाला रहस्यकथा. तिला हसू नये, एवढेच.

म्हणून माझी विनंती अशी की, कपाटाशेजारी एक वही ठेवावी. प्रत्येकीने आपल्याला हवे असलेले एक पुस्तक तीत लिहावे. जिला लिहिता येत नाही तिने शेजारणीला सांगावे. शिकलेल्या भगिनींनीही आपापले लिहावे, आम्ही ते आनंदाने वाचू. यादी अशी सगळ्यांच्या हातची झाली, तर कपाटाला कुलूप लावून ठेवायची वेळ येणार नाही.