न रुजणारे बी



ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जमिनीसरपट एक रानवेल पसरते. लवदार करडी पाने, लालभडक फुले आणि मधोमध काळाभोर फुगीर डोळा, ही तिची ओळख. तिथले मूळ रहिवासी तिला ‘मालुकुरू’, म्हणजे कांगारूचे डोळे, म्हणतात. १९६१ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाने तिला राज्यपुष्प केले.

तिचे बी नुसते पेरले तर बहुधा रुजत नाही. टरफल इतके कठीण, की पाणी आत शिरत नाही. ते कानशीने किंचित घासावे, रात्रभर भिजवावे, आणि फुगलेले बी कायमच्याच जागी, निचऱ्याच्या वाळूमातीत लावावे. मुळे हलविलेली तिला खपत नाहीत.

सभेला न येणाऱ्या कामगारांना मीही एकेकाळी ‘मेलेले’ म्हणत असे. आता आधी विचारतो : पाणी आतपर्यंत पोचविले काय?