अदृश्य दंश

समुद्रांतील संकट म्हटलें कीं डोळ्यांपुढें शार्क माशाचा जबडा उभा राहतो. परंतु ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, केर्न्स शहराच्या आसपास, पोहणाऱ्यांना जें संकट गांठीत असे, तें कोणाच्याच दृष्टीस पडत नसे. मनुष्य पाण्यांत असतां अंगाला किंचित् चुणचुण लागे, एखादा किडा चावावा तितकीच. तो बाहेर येई, अंग पुशी, चार शब्द बोले. आणि सुमारें अर्धा तास लोटला कीं त्याच्या पाठींत व कमरेंत असह्य कळा येऊं लागत. पोटांत पेटके, उलट्या, सर्वांगाला घाम. आणि या साऱ्यांवर कडी म्हणजे, आपला अंत आतां जवळ आला, अशी एक विलक्षण भीति मनाला व्यापून टाकी.

केर्न्स येथील डॉ. ह्यूगो फ्लेकर यांनीं १९५२ सालीं या विकाराला ‘इरुकांजी’ असें नांव दिलें. त्या किनाऱ्यावरील एका आदिवासी समाजाचें तें नांव होय. विकाराला नांव मिळालें, पण विकाराचा कर्ता मिळाला नाहीं. पुढें १९५५ सालीं एक पांच वर्षांचा मुलगा समुद्रांत दंश होऊन मरण पावला, तेव्हां फ्लेकर यांनीं त्या पाण्यांत जाळें टाकविलें आणि एका मोठ्या विषारी जेलीफिशचा छडा लावला. त्याचें घंटेसारखें शरीर तीस सेंटिमीटरपर्यंत रुंद होतें व तंतु तीन मीटरपर्यंत लांब असतात. त्याचा विळखा कांहीं मिनिटांत प्राण घेऊं शकतो. तथापि तो अंगावर चाबकासारखे वळ उमटवितो. इरुकांजीच्या रोग्याच्या अंगावर मात्र असे वळ नसत. तेव्हां गुन्हेगार दुसराच होता. १९५७ सालीं फ्लेकर निवर्तले आणि तें कोडें तसेंच राहिलें.

डॉ. जॅक बार्न्स यांनीं तें सोडविण्याचा ध्यास घेतला. दवाखान्यांत बसून हा गुन्हेगार सांपडावयाचा नाहीं, त्याला त्याच्याच घरीं गांठलें पाहिजे, हें ओळखून ते अंगाला वजन बांधून उथळ समुद्राच्या तळाशीं तासन्‌तास पडून राहत व वरचें पाणी न्याहाळीत. अखेर १९६१ च्या डिसेंबरांत एक चिमुकला जेलीफिश त्यांच्या हातीं लागला. शरीर जेमतेम एक सेंटिमीटर, चार कोपऱ्यांना सुतासारखे चार तंतु, आणि रंग पाण्याचाच!

पण गुन्हेगार हाच, हें कशावरून? सशाला किंवा उंदराला दंश करवून ‘तुला मृत्यूची भीति वाटते काय?’ असें विचारतां येत नाहीं. बार्न्स यांनीं तो दंश स्वतः घेतला; आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला व किनाऱ्यावरील एका जीवरक्षकालाहि करविला. थोड्याच वेळांत तिघेहि वेदनांनीं तळमळूं लागले व तिघांनाहि रुग्णालयांत न्यावें लागलें. सुदैवानें तिघेहि बरे झाले. १९६७ सालीं त्या प्राण्याला ‘कारुकिया बार्नेसी’ हें शास्त्रीय नांव मिळालें.

स्वतःच्या देहावर प्रयोग करणाऱ्याच्या धैर्यापुढें मस्तक नम्र होतें. परंतु नऊ वर्षांच्या बालकाच्या संमतीला काय अर्थ? २००२ सालीं ऑस्ट्रेलियांत दोन प्रवाशांचे मृत्यु या विकारामुळें झाल्याचें मानलें जातें. म्हणजे त्या दिवशीं पित्यानें पणाला काय लावलें होतें, तें जगाला चाळीस वर्षांनीं उमगलें. सत्याच्या शोधांत स्वतःचा जीव टांगणीला लावण्याचा अधिकार मनुष्याला असेल. दुसऱ्याचा, आणि तोहि अजाण जीवाचा, लावण्याचा अधिकार त्याला नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

आज त्या ज्ञानाचें फळ सर्वांना मिळत आहे. जेलीफिशच्या तंतूंवर असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येकींत एक विषारी दोरा गुंडाळलेला असतो आणि स्पर्श होतांच तो बाणासारखा सुटतो. यांतील न फुटलेल्या कुप्यांना व्हिनेगर निष्क्रिय करतें; म्हणून तेथील किनाऱ्यांवर त्याच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. दंशाची जागा चोळूं नये, गोड्या पाण्यानें धुऊं नये; व्हिनेगर निदान अर्धा मिनिट ओतावें व रोग्याला विनाविलंब रुग्णालयांत न्यावें. साधारणतः नोव्हेंबरपासून मेपर्यंतचा काळ विशेष धोक्याचा असतो. किनाऱ्याशीं बांधलेलीं जाळीं मोठ्या जेलीफिशला अडवितात; हा चिमुकला त्यांतून सहज निसटतो. म्हणून प्रवाळांचें सौंदर्य पाहण्यासाठीं बुडी मारणारे तेथें सर्वांग झांकणारा तलम पोशाख घालतात.

शार्कच्या जबड्यापासून मनुष्य आपण होऊनच दूर पळतो. नखाएवढ्या, न दिसणाऱ्या वैऱ्यापासून त्याला वांचविणारें एकच साधन आहे, आणि तें म्हणजे ज्ञान. तें कोणत्या मोलानें मिळालें, याचा विसर मात्र पडूं नये.