परवानगी नाकारली, पण कुणी?

लिनक्स वापरणाऱ्यांच्या सर्वाधिक शिव्या खाणारे दोन शब्द म्हणजे 'परमिशन डिनाइड'. त्यावर कुणीही सुचवतो तो उपाय म्हणजे ७७७, सगळ्यांना सगळं मोकळं! आज माझा राग या उपायावर आहे. अडचण बहुतेक वेळा परवानगी कमी असण्याची नसतेच; मालक भलताच झालेला असतो.

लिनक्स मिंटचा नेहमीचा रुग्ण घेऊ. पासवर्ड बरोबर, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो. पासवर्ड चुकला असता तर तसं बजावलं असतं; म्हणजे अडतंय ते आत गेल्यावर. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबा, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर लॉगिन करा. डिस्क ठासून भरली तरी हेच होतं, म्हणून आधी 'डीएफ' पाहा. मग 'एलएस -एलए'. टिंबाने सुरू होणारी 'एक्सऑथॉरिटी' नावाची फाईल दिसेल. मालकाच्या रकान्यात तुमच्या नावाऐवजी 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी, ठाण मांडून बसलेला असतो. बहुधा कुणीतरी सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, खिडकीवाला प्रोग्राम चालवलेला असतो. डेस्कटॉप सुरू होताना या फाईलमध्ये तुमच्या नावाने लिहावं लागतं. ते जमलं नाही की सत्र कोसळतं. 'सीएच-ओन'ने मालकी परत घ्या, डेस्कटॉप उघडेल.

गंमत पुढेच आहे. रूटची ती फाईल तुम्ही सुडोशिवायही पुसू शकता! नाव घालणं-काढणं हा हक्क फाईलचा नव्हे, फोल्डरचा. आणि होम फोल्डर तुमचं. मग सामाईक '/टीएमपी'त कुणीही कुणाचंही पुसेल की! म्हणून तिथे १७७७ असतं. पुढचा तो एक म्हणजे स्टिकी बिट: लिहा सगळे, पुसा आपापलंच.

आता ७७७. काही शूर वीर ते थेट '/' पासून खालपर्यंत लावतात. मग सुडोच संप करतो. रूटच्या अधिकाराने चालण्यासाठी त्याला सेटयूआयडी बिट लागतो, आणि ७७७ने तोच पुसला जातो. सेटयूआयडीची कल्पना युनिक्सचे सहनिर्माते डेनिस रिची यांची. १९७३ साली अर्ज केलेलं तिचं पेटंट १९७९मध्ये मिळालं. एसएसएचसुद्धा सगळ्यांना वाचता येणारी खासगी किल्ली नाकारतो. मोकळीक वाढवली म्हणून दारं बंद होतात, ती अशी.

आर्डुइनोवाल्या विद्यार्थ्यांची तक्रार निराळी: उबंटूत सिरियल पोर्ट उघडत नाही. तिथे माणूस 'डायलआउट' गटात हवा. 'यूजरमॉड -एजी' लिहिताना तो लहान 'ए' विसरू नका, नाहीतर बाकीच्या जोड-गटांतून, अगदी सुडोच्याही, तुमचं नाव उडेल. आणि गट लॉगिनच्या वेळी ठरतात; नुसती टर्मिनलची नवी खिडकी उघडून भागत नाही. बाहेर पडा, पुन्हा आत या, 'आयडी' टाइप करा आणि यादीत डायलआउट दिसला की मगच केबलला दोष द्या.